उघडत नाही

‘उघडत नाही’ हे मराठीतलं एक लबाड वाक्य आहे. ‘दार उघडत नाही’ म्हटलं की दार हाच कर्ता होऊन बसतो. कडी कुणी लावली, कुलूप कुणाचं, पावसाने लाकूड फुगलंय की आतून कुणी पाठ टेकून उभं आहे, यातलं काहीच ते सांगत नाही. ‘मला उघडता येत नाही’ म्हटलं तर दोष माझ्या मनगटाकडे येतो. ‘उघडू देत नाहीत’ म्हटलं की कुठेतरी ‘ते’ उभे राहतात. ‘उघडू नये’ म्हटलं की पाटीच लागली. बंद दार एकच आणि वाक्यं चार. भाषांतर करताना मूळ लेखकाला यातलं कोणतं म्हणायचंय हे मागचं-पुढचं वाचून ठरवावं लागतं. पण समोर पुस्तक नसून राउटर असेल तर मागचं-पुढचं कुठून वाचायचं, हा प्रश्न मला गेल्या डिसेंबरात पडला.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या बाजूला एका जुन्या मराठी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालकीण काकू एकट्या असतात. भाड्यात वायफाय धरलेलं आहे. राउटर काकूंच्या देवघराच्या भिंतीला, उदबत्तीच्या धुराने जरा पिवळा पडलेला. तिथून एक वायर जिन्यातून माझ्याकडे वर येते. दसऱ्याला मी राहायला आले आणि पहिले दोन महिने सगळं सुरळीत होतं, किंवा तसं वाटत होतं. मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. सकाळी ‘लोकसत्ता’ची साइट उघडत नव्हती, दुसरी मराठी वर्तमानपत्रं उघडत होती. मी तेव्हा एका गुजराती कैलास-मानसरोवर प्रवासवर्णनाचं मराठी भाषांतर करत होते आणि तिथल्या गावांची, खिंडींची नावं तपासायला तिबेटविषयीच्या साइट हव्या होत्या. त्यातल्या ज्यांच्या पत्त्यातच ‘तिबेट’ होतं त्या एकजात बंद. आईच्या साखरेसाठी मधुमेहावरची एक साइट मी वर्षानुवर्षं बघते, तीही गेली. आणि चौथी गोष्ट सगळ्यात विचित्र.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बेनच्या मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. गुजरात सरकारची ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ नावाची योजना आहे, मुलीच्या लग्नासाठी मदत देणारी. (नाव घेतलंय ते नरसिंह मेहतांच्या मुलीच्या मामेऱ्याच्या गोष्टीवरून, जी सतराव्या शतकातल्या वडोदऱ्याच्याच प्रेमानंदांनी आख्यानात गायली. सरकारी योजनेचं नाव ठेवताना कुणाला तरी मध्ययुगीन काव्य आठवलं, याचं मला अजून अप्रूप आहे.) लग्नानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो आणि बेनच्या हातात थोडेच दिवस उरले होते. अर्ज ‘ई-समाज कल्याण’ या सरकारी पोर्टलवर भरायचा. आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. पोर्टल उघडेना. तो अर्ज मी शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला, पावती काढली, बेन निश्चिंत झाली. पण माझं डोकं भणभणत राहिलं. लोकसत्ता, तिबेट, मधुमेह, समाजकल्याण. यांचा एकमेकांशी संबंध काय?

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्हाला पहिली शिकवण हीच होती की साम्य दिसलं म्हणजे नातं आहे असं धरू नका. दोन कवितांत एकच प्रतिमा दिसते तेव्हा एकीने दुसरीवरून घेतली असेल, दोघींनी तिसरीकडून घेतली असेल, किंवा दोन्ही आपापल्या वाटेने तिथे पोचल्या असतील. चार साइट बंद आहेत म्हणजे बंद करणारा एकच आहे हेही सिद्ध व्हायचं होतं. म्हणून मी आधी चारींचं ‘न उघडणं’ नीट वाचायला बसले.

हे वाचन करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपण सगळे ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणून मोकळे होतो, पण ब्राउझर नकार देताना बराच स्पष्ट बोलतो. कधी तो म्हणतो, या नावाचा पत्ताच सापडला नाही. कधी म्हणतो, पत्ता सापडला, दार वाजवलं, वाट पाहून थकलो. कधी म्हणतो, दार उघडलं आणि लगेच तोंडावर आपटलं. कधी म्हणतो, दारात उभा असलेला माणूस आपलं जे नाव सांगतोय त्याची ओळखपत्रं खरी वाटत नाहीत. यंत्राचं घड्याळ चुकलं असलं तरी हे होतं, कारण मग आजची प्रमाणपत्रं त्याला उद्याची किंवा गेल्या सालची वाटतात. कधी पान अर्धं येऊन लटकतं. अशा वेळी अनेकदा राउटर पाठवत असलेली पाकिटं वाटेतल्या फटीपेक्षा जाड असतात: नेहमीच्या जोडणीत १५०० बाइटचं पाकीट चालतं, पण आपल्याकडच्या लॉगिन करून घेणाऱ्या जोडणीत त्यातले ८ बाइट आधीच खर्च होतात आणि १४९२ उरतात. या आठ बाइटांपायी लोकांनी राउटर फेकून दिलेले आहेत.

आणि सर्व्हरपर्यंत पोचून मिळणारे नकार आणखी वेगळे, त्यांना आकडे असतात. ४०४ म्हणजे इथे तसं काही नाही. ४०३ म्हणजे आहे, पण तुम्हाला नाही. यातला मला प्रिय आहे तो ४५१: कायदेशीर कारणामुळे उपलब्ध नाही. पुस्तकं जाळणाऱ्या राज्याबद्दलच्या रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीवरून तो आकडा निवडला गेला आणि २०१६ मध्ये अधिकृत झाला. तंत्रज्ञांच्या प्रमाणग्रंथात एखादी कादंबरी अशी शिरते हे बघून बरं वाटतं. भारतात मला तो आकडा पडद्यावर अजून दिसलेला नाही. आपल्याकडे बंदी आकडा न सांगता येते.

माझ्या चारही साइटचा नकार पहिल्या जातीचा होता: पत्ता सापडत नाही. म्हणजे नाव घेऊन पत्ता देणारी जी व्यवस्था, डीएनएस, तिथे काहीतरी होतं. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देऊन मी एकेका नावाचा पत्ता विचारला. विचारलं राउटरलाच, कारण घरातला पोस्टमन तोच. लोकसत्ताचा पत्ता त्याने सांगितला: ०.०.०.०. तिबेटचा पत्ता: ०.०.०.०. चारींचा तोच. शून्य गल्ली, शून्य घर. बाकी हजारो नावांचे पत्ते तो बिनचूक सांगत होता. म्हणजे बिघाड नव्हता. बिघडलेलं यंत्र इतकं निवडक नसतं. आता निदान एवढं कळलं की ‘उघडत नाही’ हे वाक्य ‘उघडू देत नाहीत’ असं वाचायचं आहे.

कोण? राउटरला वगळून मी गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक पत्तेदाराला थेट विचारलं. उत्तर तेच, ०.०.०.०. याचा अर्थ एकच: माझा प्रश्न ८.८.८.८ पर्यंत पोचत नव्हता, वाटेत कुणीतरी तो उघडून वाचत होतं आणि गूगलच्या नावाने स्वतःच उत्तर देत होतं. डीएनएसचे साधे प्रश्न पोस्टकार्डासारखे असतात, ज्याच्या हातून जातात त्याला वाचता येतात. आणि वाटेत दोघे होते: खाली देवघरातला राउटर, आणि त्याच्यापलीकडे इंटरनेट पुरवणारी कंपनी.

मी हे एका मित्राला फोनवर सांगितलं. तो लगेच म्हणाला, “यादी बघ ना! एक वर्तमानपत्र, एक तिबेट. वरून आलंय हे.” मी म्हटलं, “आणि मधुमेह?” तो म्हणाला, “चुकून गेलं असेल.” मला हसू आलं, पण त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली सरकार एखादी साइट बंद करायला सांगू शकतं, आणि २००९ च्या नियमांत ती कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. न्यायालयांचे आदेश वेगळेच. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात हजारो पत्ते होते, आणि त्यात इंटरनेट आर्काइव्हही बंद झालं. जुनी पुस्तकं शोधणाऱ्या माझ्यासारख्यांचे ते दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. २०२२ मध्ये व्हीएलसी हा साधा व्हिडिओ प्लेअर बनवणाऱ्यांची साइट भारतात बंद असल्याची ओरड झाली, आणि ती वर्षाच्या अखेरीस परत उघडली. शिवाय बंदी अमलात आणायची ती प्रत्येक पुरवठादाराने आपापल्या रीतीने, त्यामुळे एका कंपनीकडे बंद असलेली साइट दुसरीकडे उघडते. तेव्हा मोबाइलवर चालतं म्हणजे सरकार निर्दोष, असंही म्हणता येईना.

पण समाजकल्याण? सरकार आपलंच पोर्टल कशाला बंद करेल? सत्ता बंद, कल्याण बंद. कुणी विडंबनकार असता तर म्हणाला असता की अखेर खरं बोलणारं यंत्र भेटलं.

निवाडा करायला कंपनीचा मुलगा आला, कमरेला पक्कड, खांद्याला सॅक. मी त्याला माझे शोध सांगू लागले तसा तो विनम्रपणे दुसरीकडे बघू लागला. पण काम त्याने नेमकं केलं. फायबरची तार येते त्या पांढऱ्या डबीतून राउटरला जाणारी वायर काढली, स्वतःच्या लॅपटॉपला लावली, लॉगिन केलं आणि लोकसत्ता उघडला. तिबेट उघडलं. समाजकल्याणही. म्हणजे कंपनी सुटली, तिच्या पलीकडचे सगळे सुटले. दिल्ली, गांधीनगर, मद्रास, सगळे. उरला देवघरातला राउटर.

त्याने राउटर उलटा केला, मागचं बारीक भोक शोधलं आणि खिशातून टाचणी काढली. “रीसेट मारी दउं, बेन?” दहा सेकंद टाचणी दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. सगळे दोष जातात, का होते ते मात्र कधीच कळत नाही. मी हो म्हणणार इतक्यात स्वयंपाकघरातून काकू हात पुसत बाहेर आल्या.

“थांब रे,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “त्याच्यात ह्यांचं काहीतरी आहे.”

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. ते मला फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मोतीबागेवर रणजीचे सामने बघायला डबा घेऊन जाणारे. काकूंनी कपाटातून एक डायरी काढली. गॅसचा नंबर, विम्याच्या तारखा, आणि एका पानावर टाकाच्या वळणाच्या अक्षरात: ‘वाय-फाय यंत्र, आतील किल्ली’. खाली पासवर्ड. ‘आतील किल्ली’ हा शब्द मी लगेच माझ्या वहीत उतरवून घेतला. अ‍ॅडमिन पासवर्डला याहून चांगला मराठी शब्द मला कुणी सुचवलेला नाही. मुलगा टाचणी खिशात घालून दुसऱ्या तक्रारीवर गेला.

मी १९२.१६८.१.१ हा राउटरचा घरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, किल्ली लावली. सुरक्षेच्या रकान्यात, दोन मेनूंच्या आत, ‘कीवर्ड फिल्टर’ सुरू होता. सोळा शब्दांची जागा, चौदा भरलेले. सगळे रोमन लिपीत.

पहिला शब्द: एस-ए-टी-टी-ए. सट्टा.

क्षणभर मी नुसती बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. रोमनला ट आणि त यांतला फरक दिसत नाही. त्या लिपीत सट्टा आणि सत्ता हे एकाच अंगरख्यात फिरतात. लोकसत्ताच्या पत्त्यात राउटरला सट्टा दिसला आणि त्याने दार लावलं. पुढचा शब्द बी-ई-टी, बेट, म्हणजे पैज. तिबेटच्या पोटात तो आहे. मधुमेहाच्या इंग्रजी नावाच्या पोटातही आहे. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याच्या रोमन नावातही आहे, आणि ‘अल्फाबेट’मध्येही, म्हणजे साक्षात वर्णमालेत. पुढे मटका. मग के-ए-एल-वाय-ए-एन. कल्याण. हे लगेच कळलं: कल्याण मटका, साठच्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत यांनी सुरू केलेला आकड्यांचा जुगार, ज्याच्याआधी लोक न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैसे लावत. माणसाच्या नावाचं जुगाराचं नाव झालं, आणि त्या नावापायी बेनचा समाजकल्याणचा अर्ज अडला.

या चुकीला तंत्रज्ञांच्या जगात नाव आहे, इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प या गावावरून पडलेलं. १९९६ मध्ये एओएलच्या शिव्या गाळणाऱ्या चाळणीने तिथल्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात सलग चार अक्षरं एका शिवीची होती. पण ते एका भाषेतलं. आपल्यासारख्या देशात, जिथे दहा-बारा लिप्या पत्त्याच्या पाटीसाठी एकाच रोमनमध्ये कोंबल्या जातात, तिथे ही चाळणी काय काय अडवेल याला सीमा नाही. फिनिश भाषेत ‘मात्का’ म्हणजे प्रवास, लिहिताना आपल्या मटक्यासारखाच. काकांच्या राउटरवरून फिनलंडच्या बसचं तिकीट काढता आलं नसतं. गंमत म्हणजे यादी गुजरातीत विचार करणाऱ्याने केली असती तर तो ‘सट्टो’ लिहिता, शेवटी ओ, आणि लोकसत्ता वाचला असता. यादी करणारा मराठीत किंवा हिंदीत विचार करत होता.

यंत्राला दोषही देता येत नाही. हल्ली साइटशी होणारं बोलणं बंद पाकिटात जातं, राउटरला आतला मजकूर दिसत नाही. त्याला दिसतं ते पाकिटावरचं नाव. त्या नावात सलग अक्षरं जुळतात का एवढंच तो बघतो. अलीकडे-पलीकडे काय आहे ते बघायचं त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

उरलेले शब्द मी खाली वाचत गेले. रमी, तीनपत्ती, कसिनो, पोकर, जॅकपॉट. काही मला ठाऊकही नव्हते. हसू ओसरत गेलं. ही यादी कुठल्या पत्रकातून उतरवलेली नव्हती. शेवटून दुसरा शब्द होता सी-आर-आय-सी. क्रिक. म्हणजे या घरातून क्रिकेटचा स्कोअर सांगणाऱ्या जवळजवळ सगळ्या साइट बंद होत्या. आणि काका मोतीबागेवर डबा घेऊन जाणारे.

मी खाली गेले तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, “नावं घालू नकोस, मग लिही,” म्हणाल्या.) मुलगा आयपीएलच्या एका हंगामात पैसे लावायला लागला, मग रमी, मग जे सापडेल ते. मित्रांकडून उसने, मग कार्डावर, मग काकांच्या मुदतठेवीवर. काकूंच्या दोन पाटल्या गेल्या. घरात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं, सात-आठ महिने. मग एका संध्याकाळी मुलगाच म्हणाला, बाबा, मला घरी तरी बंद करून द्या. काकांनी ओळखीच्या दुकानातल्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, काय काय बंद करायचं ते शब्द द्या. काकांना एकही शब्द माहीत नव्हता.

“मग हे वही घेऊन बसले आणि तो सांगत गेला,” काकू म्हणाल्या. “शाळेत शुद्धलेखन घालायचे ना ह्यांना तो लहान असताना? तसं उलटं. तो सांगतोय, हे लिहितायत. स्पेलिंग विचारतायत. त्या दिवशी दोघं एकत्र जेवले.”

“आणि क्रिकेट?”

“ते ह्यांनी स्वतःच घातलं. स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचे.”

मुलाजवळ मोबाइल होता, त्यात डेटा होता, ही गोष्ट त्या टेबलापाशी बसलेल्या दोघांनाही माहीत असणार. चाळणी फक्त भिंतीवरच्या यंत्राला होती. खिशातल्या यंत्राला ती कधीच नव्हती. तांत्रिकदृष्ट्या ती यादी कुणालाही अडवू शकत नव्हती, भाड्याने राहायला आलेल्या भाषांतरकाराखेरीज. मुलगा आता सुरतेला नोकरी करतो, महिन्या-दोन महिन्यांनी शनिवार-रविवार येतो. काकूंना हे सगळं मी सावकाश समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, ते मला कळतं. पण शब्द काढू नकोस.”

“काढत नाही, काकू,” मी म्हटलं. “लांब करते.”

हा माझ्या धंद्यातलाच उपाय आहे. एकटा शब्द कुठलाही अर्थ घेऊन हिंडतो. त्याच्या शेजारी दुसरा बसवला की त्याला निमूटपणे एकच अर्थ धरावा लागतो. ‘सट्टा’ एकटा ठेवला तर लोकसत्ता अडतो. ‘सट्टामटका’ असा जोडून लिहिला तर कुठलंही वर्तमानपत्र अडणार नाही. ‘कल्याण’च्या मागे ‘मटका’ लावला की समाजकल्याण मोकळं. नुसता ‘मटका’ही मग लागत नाही, फिनलंडचा रस्ता खुला. मी ते तीन शब्द त्याच वेळी बदलले आणि काकूंना लॅपटॉपवर लोकसत्ता उघडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानावरची एक बातमी पूर्ण वाचली. ‘क्रिक’ला मी हात लावला नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

अडलं ते ‘बेट’पाशी. तीन अक्षरांचा हा शब्द लांब करायचा तर त्याच्या मागे-पुढे काय लागतं ते माहीत हवं. पैज लावण्याच्या साइटची खरी नावं काय असतात? मी शोधू शकले असते, पण काकू म्हणाल्या, “त्यालाच विचारू.” आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी सुरतेला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मेथीच्या ताटाशेजारी ठेवला.

मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, सट्टा-सत्तावर बराच वेळ. “ताई, म्हणजे बाबांनी लोकसत्ता बंद केला होता? ते तर रोज विकत घ्यायचे!” मग मी ‘बेट’चं विचारलं. तो गप्प झाला. आम्हाला वाटलं फोन कटला.

“लिहा,” तो म्हणाला.

त्याने एकेक नाव अक्षराअक्षराने सांगायला सुरुवात केली. मध्ये न थांबता, आकडे कुठे येतात, आडवी रेघ कुठे, सगळ्यासकट. आमच्या जागा चार होत्या. त्याने नऊ नावं सांगितली. काकूंचे हात मेथीत थांबले होते.

“पहिली चार टाका,” तो म्हणाला. “तसा काही उपयोग नाही, ताई. नावं सारखी बदलतात ती. एक बंद झालं की पुढे आकडा लावून दुसरं येतं. आता तर कायदाच झालाय ना गेल्या ऑगस्टमध्ये, पैसे लावून खेळायच्या सगळ्या खेळांवर बंदी. तरी येतात.”

मी चार नावं टाकली आणि ‘सेव्ह’ दाबलं. राउटरचा दिवा दोनदा लुकलुकला. तिबेट उघडलं.

“झालं का लिहून?” काकूंनी मला विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी हात पदराला पुसले, फोन उचलला, आणि स्पीकर कुठून बंद करायचा ते मला विचारलं.